काचपेटीतले तण

हरळी माजलेल्या शेतात नुसता कुळव फिरवून भागत नाही, हे कोणा शेतकऱ्याला शिकवावे लागत नाही. कुळवाने जमिनीतल्या काशांचे तुकडे होतात आणि जरा ओल मिळाली की तुकड्यातुकड्याला फुटवा येतो. म्हणून काशा वेचून उन्हात वाळवाव्या लागतात. लव्हाळ्याच्या गाठींचेही तेच. तोडले म्हणजे मेले, हा नियम वनस्पतींना लागू पडत नाही, एवढे आपण मान्य केलेले असते. प्राण्यांना मात्र तो लागू पडतो असे आपण धरून चालतो. समुद्रात असे अनेक प्राणी आहेत, की ज्यांच्यापुढे हा समज टिकत नाही. त्यांपैकी एकाने जगभरच्या हौशी मत्स्यपालकांना जेरीस आणले आहे. त्याचे नाव आयप्टेशिया. हा समुद्रफुलाचा एक प्रकार आहे. त्याचा बंदोबस्त कसा करतात हे पाहताना प्राणिशास्त्र, रसायनशास्त्र आणि परिसरशास्त्र असे तिन्ही विषय एकाच काचेच्या पेटीत भेटतात, म्हणून हा लेख.

प्रवाळपेटी म्हणजे काय?

गोड्या पाण्याची माशांची पेटी आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेली असते. प्रवाळपेटी ही त्याहून बरीच अवघड गोष्ट आहे. तिच्यात खारे पाणी असते, म्हणजे दर लीटरला सुमारे ३५ ग्रॅम क्षार. तापमान २५ अंश सेल्सियसच्या आसपास, सामू ८.१ ते ८.३ च्या दरम्यान. पाणी सतत घुसळते ठेवावे लागते आणि वर प्रखर दिवे लागतात. दिवे माशांसाठी नसतात, ते प्रवाळांसाठी असतात. प्रवाळ हा प्राणी आहे, पण त्याच्या पेशींमध्ये सूक्ष्म, एकपेशीय शैवाले राहतात. शैवाल प्रकाशात अन्न तयार करते आणि त्यातला मोठा वाटा प्रवाळाला मिळतो. बदल्यात शैवालाला आसरा, कार्बन डायऑक्साइड आणि नत्रयुक्त क्षार मिळतात. दोघांचा संसार असा एकमेकांवर चालतो.

या पेटीत समुद्रातून किंवा दुसऱ्या पेटीतून आणलेले सच्छिद्र खडक ठेवतात. त्यांच्या भोकाभोकांत जीवाणू, कृमी, शैवाले असे अनेक जीव राहतात. म्हणून त्यांना 'जिवंत खडक' म्हणतात. अशा खडकाच्या एखाद्या कपारीत, किंवा प्रवाळाचे कलम ज्या दगडावर चिकटवलेले असते त्याच्या खालच्या बाजूला, मोहरीएवढे आयप्टेशिया दडून येते. पेटीच्या मालकाला त्याचा पत्ताही नसतो.

पाहुण्याची ओळख

समुद्रफूल हे हायड्रा, जेलीफिश आणि प्रवाळ यांच्याच संघातले. रचना साधी आहे. मऊ नळीसारखे शरीर, खाली खडकाला चिकटणारी चकती, वर तोंड आणि तोंडाभोवती शुंडकांचे कडे. आयप्टेशियाचे शरीर तपकिरी आणि काहीसे पारदर्शक असते, शुंडके लांब, बारीक आणि टोकदार असतात. उंची बहुधा काही सेंटिमीटर. जगभरच्या उबदार, उथळ समुद्रांत ते आढळते. खारफुटीची मुळे, धक्क्यांचे खांब, बंदरातले दगड, कशावरही ते बसते.

शुंडकांवर दंशपेशी असतात. प्रत्येक दंशपेशीत गुंडाळलेल्या पोकळ धाग्याची एक कुपी असते. स्पर्श होताच धागा बाहेर फेकला जातो आणि भक्ष्यात विष टोचले जाते. हे किती झटपट घडते? २००६ साली जर्मन शास्त्रज्ञांनी हायड्राच्या दंशपेशीचे अतिवेगवान चित्रण प्रसिद्ध केले. धागा बाहेर पडण्याचा पहिला टप्पा सुमारे ७०० नॅनोसेकंदांत उरकतो, आणि त्या वेळचे त्वरण गुरुत्वीय त्वरणाच्या ५० लाख पटींहून अधिक भरते. प्राणिसृष्टीतल्या सर्वांत वेगवान हालचालींमध्ये तिची गणना होते.

आयप्टेशियाच्या शरीराच्या आतही एक शस्त्रसाठा आहे. दंशपेशींनी खच्चून भरलेले पांढरे, बारीक दंशतंतू पोटाच्या पोकळीत असतात. प्राण्याला डिवचले की हे तंतू तोंडातून आणि शरीराच्या भिंतीतल्या छिद्रांतून बाहेर येतात. शेजारच्या प्रवाळाला अशा दंशतंतूंचा आणि शुंडकांचा वारंवार प्रसाद मिळाला, तर तो आक्रसून बसतो. आक्रसलेल्या प्रवाळाला प्रकाश नीट मिळत नाही, भक्ष्यही पकडता येत नाही. त्याची कड मरत जाते आणि रिकामी झालेली जागा आयप्टेशिया घेते.

आता यातली गोम लक्षात घ्या. आयप्टेशियाच्या पेशींतही तशीच शैवाले राहतात. म्हणजे प्रवाळासाठी लावलेले दिवे आयप्टेशियालाही जेवू घालतात. दिवे बंद करून त्याला उपाशी मारावे म्हटले, तर आधी मरतो तो प्रवाळ. कारण आयप्टेशिया शैवाल गमावूनही पाण्यातले बारीकसारीक अन्न पकडून जगू शकते. ज्याला वाचवायचे आणि ज्याला घालवायचे, त्या दोघांच्या गरजा जवळजवळ सारख्याच आहेत. शेतातल्या तणाचेही असेच असते. पिकाला घातलेले खतपाणी त्यालाही पोचते.

खरवडले तर काय होते?

पहिला विचार मनात येतो तो चाकूने खरवडून काढण्याचा. तो का फसतो, याची दोन कारणे आहेत.

एक, समुद्रफुलाच्या अंगात हाड नाही. पोटातल्या पाण्याच्या दाबावर ते ताठ उभे राहते. धक्का लागताच स्नायू आकुंचन पावतात, पाणी बाहेर पडते आणि चार सेंटिमीटरचा प्राणी खडकाच्या भोकात ठिपक्याएवढा होऊन बसतो. चाकू तिथवर पोचतच नाही.

दोन, पोचला तरी तळचकतीचा काही भाग खडकावर राहतो. आयप्टेशियाची प्रजननाची नेहमीची रीतच अशी आहे. ते सरकते तेव्हा तळचकतीच्या कडेचे बारीक तुकडे मागे सुटतात आणि काही दिवसांत प्रत्येक तुकड्याला तोंड व शुंडके फुटतात. नवा प्राणी म्हणजे जुन्याचीच हुबेहूब प्रत. त्यासाठी नरही लागत नाही आणि मादीही. आपण खरवडतो तेव्हा त्याचेच काम आपण अधिक जोमाने करून देतो. शिवाय सुटे झालेले तुकडे पाण्याच्या प्रवाहाबरोबर पेटीभर पसरतात.

हिशेबासाठी समजा, दर आठवड्याला एका प्राण्याचे दोन होतात. दहा आठवड्यांनी एकाचे १०२४ होतील. प्रत्यक्षात अन्न आणि जागा यांची मर्यादा पडते, त्यामुळे वाढ इतकी सरळ गणिताने होत नाही. पण 'एकच तर आहे, राहू दे' असे म्हणणाऱ्याने २ चा १० वा घात एकदा मांडून पाहावा.

चुन्याचा उपाय

यावरचा एक जुना आणि स्वस्त उपाय आपल्या ओळखीचा आहे, तो म्हणजे विरलेला चुना. रसायनशास्त्राच्या भाषेत कॅल्शियम हायड्रॉक्साइड. प्रवाळपालक चुन्याची निवळी एरवीही वापरतात, कारण प्रवाळाला सांगाडा बांधण्यासाठी कॅल्शियम लागते. जर्मन मत्स्यपालकांनी तिला दिलेले 'काल्कवासर', म्हणजे चुन्याचे पाणी, हे नाव सर्वत्र रूढ झाले आहे. आयप्टेशियासाठी मात्र निवळी चालत नाही, तिथे दाट लगदा लागतो. पाण्याच्या मोटारी थोडा वेळ बंद ठेवतात आणि सिरिंजमधून लगद्याचे काही थेंब प्राण्याच्या तोंडावर अलगद सोडतात. सुई टोचली तर प्राणी आक्रसतो, म्हणून घाई करायची नाही. लगदा अन्नासारखा अलगद आला, तर तो पुष्कळदा गिळलाही जातो.

चुन्याने प्राणी का मरतो? चुन्याच्या संपृक्त द्रावणाचा सामू सुमारे १२.४ असतो, समुद्राच्या पाण्याचा ८.२ धरू. फरक फक्त चारचा दिसतो. पण सामूची मोजपट्टी घातांकी आहे. प्रत्येक एककाला दहापट, म्हणजे चार एककांना दहा हजार पट. इतक्या तीव्र अल्कलीत पेशींची पटले आणि प्रथिने टिकत नाहीत. गिळलेला चुना आतून बाहेर काम करतो आणि तळचकतीपर्यंत पोचतो. खरवडण्याने जे साधत नाही, ते येथे साधते. उरलेल्या चुन्याचे पुढे काय होते, ते विद्यार्थ्यांना ठाऊकच आहे. निवळीत फुंकर घातली की ती दुधाळ होते. कॅल्शियम हायड्रॉक्साइड आणि कार्बन डायऑक्साइड मिळून कॅल्शियम कार्बोनेट आणि पाणी तयार होते. प्रवाळाचा सांगाडाही कॅल्शियम कार्बोनेटचाच असतो. म्हणून या औषधाचा अवशेष पेटीला परका नसतो.

पण मात्रेचे भान हवे. १०० लीटरच्या पेटीत १ ग्रॅम चुना गेला असे धरू. कॅल्शियम हायड्रॉक्साइडचा रेणुभार ७४. म्हणजे १ ग्रॅममध्ये १३.५ मिलिमोल. प्रत्येक रेणूत दोन हायड्रॉक्साइड गट, म्हणून २७ मिलिमोल. १०० लीटरमध्ये वाटल्यास दर लीटरला ०.२७ मिलिमोल. समुद्राच्या पाण्याची आम्ल सोसण्याची क्षमता, म्हणजे अल्कता, दर लीटरला सुमारे २.३ मिलिमोल असते. त्यात एका ग्रॅमने दहा-बारा टक्क्यांची भर पडली. तेवढ्याने सामू जाणवण्याइतका चढतो. एकाच दिवशी पन्नास आयप्टेशिया मारायला निघालेला माणूस प्रवाळ आणि मासेही गमावू शकतो. म्हणून एका वेळी थोडी, मग एक-दोन दिवस थांबून पुन्हा थोडी, असे करावे लागते.

चुन्याऐवजी लिंबाचा रस किंवा उकळते पाणीही टोचतात. एकात आम्ल मारते, दुसऱ्यात उष्णता. तत्त्व एकच आहे. प्राणी संपूर्ण मरेल आणि आजूबाजूचे वाचेल, इतकाच मारा करायचा.

येथे दोन धोक्यांची सूचना देणे आवश्यक आहे. पहिला धोका चुन्याचा. चुना डोळ्यात गेला तर बुबुळाला कायमची इजा होऊ शकते, त्यामुळे चष्मा आणि हातमोजे यांना पर्याय नाही. दुसरा धोका अधिक गंभीर आहे. आयप्टेशियाने भरलेला खडक घरी पातेल्यात उकळून काढावा, असे काहींना सुचते. हे कधीही करू नये. अशा खडकांवर पुष्कळदा पॅलिथोआ नावाचे बटणासारखे जीव असतात आणि त्यांच्यातल्या काहींत पॅलिटॉक्सिन हे अतिशय जहाल विष असते. ते साध्या उष्णतेने सहज नष्ट होत नाही. वाफेबरोबर आणि तुषारांबरोबर ते श्वासात जाते. खडक उकळल्यामुळे किंवा गरम पाण्याने घासल्यामुळे घरातली माणसे रुग्णालयात दाखल झाल्याच्या घटना युरोप-अमेरिकेत नोंदल्या गेल्या आहेत. पेटीतले चार जीव जावेत म्हणून घरातल्या माणसांचा जीव धोक्यात घालणे, हा कसला उपाय?

शत्रूचा शत्रू

पाच-दहा आयप्टेशिया असतील तर चुना पुरतो. शेकडो झाली, खडकाच्या आतल्या बाजूला पसरली, तर सिरिंज तिथे पोचत नाही. अशा वेळी ते काम दुसऱ्या प्राण्यावर सोपवावे लागते.

काँग्रेस गवताच्या नियंत्रणासाठी भारतात आणलेले मेक्सिकन भुंगेरे आपल्याकडच्या शेतकऱ्यांना माहीत आहेत. १९८४ साली बंगळूरच्या परिसरात ते प्रथम सोडले गेले. सोडण्यापूर्वी एक प्रश्न तपासावा लागला. हा किडा काँग्रेस गवतच खाईल, की पिकांवरही जाईल? जैविक नियंत्रणाचे सारे यश या एका प्रश्नावर अवलंबून असते. प्रवाळपेटीतल्या उमेदवारांनाही आपण हाच प्रश्न विचारू.

पहिला उमेदवार लायस्माटा वंशाची कोळंबी. तांबड्या रेघांची ही लहान कोळंबी आयप्टेशिया खाते, हे प्रयोगांतूनही दिसले आहे. पण ती फक्त तेवढेच खात नाही. माशांचे खाद्य आयते मिळाले की ती आयप्टेशियाकडे ढुंकून पाहत नाही, आणि काही वेळा प्रवाळांनाही त्रास देते. शिवाय तिच्यासारखीच दिसणारी, पण कुबड असलेली दुसऱ्या वंशाची कोळंबी बाजारात तिच्या नावावर खपते. ती तर मऊ प्रवाळच कुरतडते. ओळख चुकली की औषधाचे विष झाले!

दुसरा उमेदवार लांब चोचीचा, नारिंगी पट्ट्यांचा फुलपाखरू मासा. कपारीतले जीव टिपायला त्याची चोच फार सोयीची आहे. पण पेटीतले नळीवासी कृमीही त्याला आवडतात, आणि बंदिवासात तो पुष्कळदा अन्न सोडून मरतो. उंदीर मारायला आणलेल्या मांजराला रोज दूध मिळेना अशी गत.

तिसरा उमेदवार मात्र या कामासाठीच घडल्यासारखा आहे. बर्गिया ही शंख नसलेली समुद्री गोगलगाय जेमतेम दोन-तीन सेंटिमीटरची असते. ती रात्री बाहेर पडते आणि आयप्टेशियावरच जगते. दंशपेशींचे तिला भय नाही. उलट आयप्टेशिया खाताना त्याच्या न उडालेल्या दंशकुप्या ती पचवत नाही, तर पाठीवरच्या बोटांसारख्या वाढींच्या टोकांत साठवते आणि स्वतःच्या संरक्षणासाठी वापरते. प्रत्येक बर्गिया एकाच वेळी नर आणि मादी असते. दोन भेटल्या की दोघीही अंडी घालू शकतात. अंड्यांच्या पांढऱ्या सर्पिल माळा खडकावर दिसू लागतात. पेटीत अंडी फुटून नवी पिढी वाढीला लागली, तर कामाला वेग येतो. तरीही मोठी पेटी साफ व्हायला आठवडे नव्हे, महिने लागतात. आणि पेटीत बर्गियाला खाणारे मासे किंवा कोळंबी असतील, तर सगळेच मुसळ केरात.

बर्गियाच्या कथेचा शेवटही ध्यानात ठेवण्याजोगा आहे. आयप्टेशिया संपले की बर्गियाही उपासमारीने मरतात. म्हणून जाणते मत्स्यपालक अखेरच्या टप्प्यात त्या वेचून, ज्याच्याकडे आयप्टेशिया माजले आहे अशा दुसऱ्या कोणाला तरी देतात. भक्ष्य आणि भक्षक यांच्या संख्यांचे चढउतार आपण पुस्तकातल्या आलेखात शिकवतो, ते येथे एका काचेआड घडतात.

मूळ कुठे आहे?

समुद्रात आयप्टेशियाची तक्रार सहसा ऐकू येत नाही. तेथे त्याला खाणारे जीव आहेत, जागेसाठी भांडणारे शेजारी आहेत, आणि प्रवाळभित्तीभोवतीच्या स्वच्छ पाण्यात पोषकद्रव्ये अत्यल्प असतात. पेटीत आपण भक्षक काढून घेतले, प्रकाश दिला आणि माशांना गरजेपेक्षा जास्त खाऊ घातले. न खाल्लेले अन्न कुजून पाण्यात नायट्रेट आणि फॉस्फेट वाढले. ज्याला आपण उपद्रवी जीव म्हणतो, तो बहुधा अशा परिस्थितीतून तयार होतो. म्हणून शेवटचा आणि सर्वांत टिकाऊ उपाय व्यवस्थेचा आहे. खाद्य बेताने घालावे, पाणी नियमित बदलावे आणि नवा खडक किंवा कलम आल्यास ते काही आठवडे वेगळ्या पेटीत ठेवून तपासावे. कलम ज्या दगडावर चिकटवलेले असते, तो बदलला तरी पुष्कळ संकट टळते.

तेच तण, तेच पीक

आता नाण्याची दुसरी बाजू. ज्या गुणांमुळे मत्स्यपालक आयप्टेशियाला कंटाळतात, त्याच गुणांमुळे प्रयोगशाळांत ते मुद्दाम वाढवले जाते. समुद्राचे तापमान वाढले की प्रवाळ आपल्या पेशींतली शैवाले गमावतात आणि पांढरे पडतात. हे विरंजन लांबले तर ते उपासमारीने मरतात. १९९८, २०१० आणि २०१४ ते २०१७ या काळात जागतिक प्रमाणावर विरंजन झाले, आणि चौथे जागतिक विरंजन सुरू असल्याचे एप्रिल २०२४ मध्ये जाहीर झाले. शैवाल आणि प्राणी यांची ही सोबत नेमकी का तुटते, हे जाणून घेणे म्हणूनच निकडीचे आहे. पण प्रवाळावर प्रयोग करणे कठीण. ते सावकाश वाढतात, त्यांचा सांगाडा आड येतो, आणि शैवाल काढून घेतले तर त्यांना जगवणे अवघड होते.

आयप्टेशियाला सांगाडा नाही. एका प्राण्यापासून हजारो एकसारखे प्राणी मिळतात, त्यामुळे प्रयोगातला आनुवंशिक फरक नाहीसा होतो. शैवाल काढून घेऊन, नुसते खाद्य घालून ते जिवंत ठेवता येते आणि नंतर हवे ते शैवाल पुन्हा पेशींत वसवून पाहता येते. सौदी अरेबियातील किंग अब्दुल्ला विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठातील शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने त्याचा संपूर्ण जनुकसंच २०१५ साली प्रसिद्ध झाला. फळमाशीने आनुवंशशास्त्राला जो हात दिला, तसाच हात आयप्टेशिया आज प्रवाळशास्त्राला देत आहे. तण ही प्राण्याची जात नसते. तो आपण त्याला दिलेला हुद्दा असतो.

वर्गात काय करता येईल?

यासाठी प्रवाळपेटी मुळीच नको. प्रवाळ समुद्रातून काढून आणणे तर कायद्याने गुन्हाच आहे. २००१ सालापासून दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या पंक्तीला. सिंधुदुर्गात मालवणजवळ प्रवाळ आहेत, ते पाहावेत आणि तिथेच राहू द्यावेत. कोकणातल्या शाळांना ओहोटीच्या वेळी खडकांमधल्या डबक्यांत समुद्रफुले सहज पाहता येतील. सावली पडल्यावर ती मिटतात का, किती वेळाने उमलतात, याची नोंद करावी. हात लावू नये.

घाटावरच्या शाळांनी चुन्याची निवळी आणि हळदीचा कागद घ्यावा. निवळीचा एक थेंब कागदावर टाकला की तो लाल होतो. मग निवळीत दहापट, शंभरपट, हजारपट पाणी घालून कागद कुठवर लाल होतो ते पाहावे. घातांकी मोजपट्टी डोळ्यांना दिसेल.

आणि शेवटी हरळी. तिच्या काशीचे एक पेर, दोन पेरे, तीन पेरे असलेले दहा-दहा तुकडे वेगवेगळ्या कुंड्यांत लावावेत. पेर नसलेलेही दहा लावावेत. पंधरा दिवसांनी किती फुटले ते मोजावे आणि मुलांना एकच प्रश्न विचारावा: हरळी घालवायची असेल, तर तिला किती बारीक तोडावे लागेल? उत्तर शोधताना विळ्यापेक्षा आधी निरीक्षण लागते, हे मुलांच्या आपोआप ध्यानात येईल.